चालेल सोडून बोला

यंदा मीठ लवकर धरलं आणि त्याच सुमारास धाकटीची मान धरली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमच्या घरात सासरे, आमचे हे, भाऊजी, धाकटी आणि मी थोरली. बोलायचं खातं माझ्याकडे आणि कामाचं धाकटीकडे, असं हे म्हणतात. म्हणू देत. मी काही कमी पाट्या वाहत नाही, वाहताना तोंडही चालू असतं एवढंच.

आमचं मिठागर खाडीला लागून आहे. वाफ्यात खारं पाणी घ्यायचं, उन्हाने आटवायचं, तळाशी मीठ धरलं की फावड्याने ओढून कडेला लावायचं. मग पाटीत भरायचं आणि डोक्यावरून, बांधाबांधाने, रस्त्याकडेच्या राशीवर नेऊन ओतायचं. सांगायला सोपं आहे, पण पायांना विचारा. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की भलाभला माणूस आईला हाक मारतो. पाटीतून खारं पाणी ठिबकत राहतं, चुंबळीतून झिरपून मानेवर येतं, तिथून पाठीत उतरतं. दुपारी कपडे वाळले की अंगावर पत्रा चढवल्यासारखं वाटतं.

आणि हे सगळं धाकटीला आवडतं! माहेरी ती दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत वाढलेली. इथे आली आणि एवढं उघडं आभाळ बघून जी खूश झाली ती झालीच. सकाळी वाफ्यांवरून फिरताना तिचं तोंड बघावं, जणू सगळं तिनेच मांडून ठेवलंय. पण डॉक्टरांनी तिची मान इकडेतिकडे वळवून पाहिली, मुंग्या येणारी बोटं दाबून पाहिली आणि सांगितलं की डोक्यावर ओझं बंद. नाहीतर हात जाईल.

भाऊजींनी घरी यायच्या आत निकाल लावून टाकला. "हा हंगाम कसाबसा काढ. मग तुझं आगरावर येणं बंद. गोदामात बसून पोती शिव."

"चालेल," धाकटी म्हणाली.

पण त्या दिवशी भांडी घासताना तिने एकच पातेलं इतका वेळ घासलं की शेवटी मीच ते तिच्या हातून ओढून घेतलं.

"जाऊबाई, मला पुन्हा खोलीत नको हो बसवू देऊ," ती म्हणाली. मला एवढं वाईट वाटलं की मी तिच्यावरच खेकसले, "मला काय सांगतेस? नवऱ्याला सांग!" तिने मान हलवली. ती तरी कुठे धड हलत होती.

अशात आमच्या घरात फोनताई आली. आली म्हणजे फोनमधून आली. आगरवाल्यांच्या संघाने ठरवलं होतं की डोक्यावरचं ओझं उतरवायचं आणि मीठ वाहायला हातगाडी करून घ्यायची. गाडी करणारी मंडळी लांबची. त्यांच्यातली ही बाई फोनवरून आमचं काम बघणार, आम्हाला विचारणार आणि मग गाडी ठरणार. संघाने आमचं घर निवडलं, कारण भाऊजींचा फोन चांगला आणि माझं तोंड चांगलं. आमच्याकडे जी गाडी पसंत पडेल तीच सगळ्या आगरांवर जायची होती.

"तुम्ही स्वतः का येत नाही?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. मी कशाला भीडभाड ठेवू?

"आले तर दोन दिवस बघून जाईन, आणि दोन दिवस तुम्ही माझीच सरबराई करत बसाल," ती म्हणाली. "त्यापेक्षा हंगामभर थोडं थोडं बघते. वेळ तुम्ही सांगायची. कामाचा खोळंबा होईल त्याचा मोबदला मिळेल. आणि तुमचं चित्रण तुम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही दाखवणार नाही."

सासऱ्यांना जरा कमी ऐकू येतं. त्यांना मी ओरडून सांगितलं की आपण बोलायचं आणि त्याचे पैसे मिळायचे. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग तुझं आतापर्यंतचं किती झालं असेल?" म्हणाले.

आमच्याकडे रेंज फक्त राशीच्या माथ्यावर येते. त्यामुळे बैठक तिथेच. सगळे पाय रोवत वर चढायचो, बुडाखाली पोतं घ्यायचो आणि भाऊजी फोन धरायचे. पहिल्या आठवड्यात फोनताईने गाडीचं चित्र दाखवलं. दोन चाकं, वर लांबरुंद पेटी, मागे दांडी.

"कशी वाटते? चालेल का?"

"चालेल!" भाऊजी म्हणाले.

"न चालायला काय झालं? चालेल," आमचे हे म्हणाले.

"चालेल," धाकटी म्हणाली.

"काय विचारते ती?" सासरे म्हणाले.

"गाडी! चालेल का म्हणतात!"

"चालेल, चालेल."

मीही चालेल म्हटलं. खोटं कशाला बोलू? चित्र छान रंगवलेलं होतं.

मग टेम्पोतून नमुन्याची गाडी आली. हिरवीगार. आम्ही ती वाजतगाजत म्हणावं तशी बांधापाशी नेली आणि तिथेच अडलो. आमचा बांध दोन पावलं शेजारीशेजारी ठेवली की संपतो. एक चाक बांधावर ठेवलं तर दुसरं हवेत. भाऊजी म्हणाले, तोल साधला की जमेल. तोल साधायला गेले ते गाडीसकट वाफ्यात. भरलेलं मीठ चिखलात गेलं, तयार वाफा गढूळ झाला, आणि ती संध्याकाळ आम्ही निस्तरण्यात घालवली. भाऊजींच्या कानातून चिखल काढताना धाकटी तोंड फिरवून हसत होती. मी तोंड न फिरवता हसले.

आता हे फोनताईला सांगायचं कुणी?

"बिचारीने एवढ्या लांबून पाठवलीय," आमचे हे म्हणाले. "पाहुण्याने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची असतात का?"

"आणि नको म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत," भाऊजी म्हणाले. "संघ म्हणेल, ह्यांना काही पटतच नाही."

मग आमचं एक नाटकच सुरू झालं. बैठकीच्या दिवशी गाडी धुऊन पुसून रस्त्यावर काढायची. धाकटीने आणि मी डोक्यावरून पाट्या आणून तिच्यात ओतायच्या. मग भाऊजींनी रस्त्यावरून ती ढकलायची, हसत हसत. राशीवरून आमचे हे फोन धरून दाखवायचे.

"काही त्रास?" फोनताई विचारायची.

"छे! त्रास कसला?"

"म्हणजे चालेल?"

"चालेल की!"

बैठक संपली की गाडी पुन्हा पडवीत. तिथे आमची कोंबडी तिच्यात अंड्यांवर बसली. घरात ती गाडी मनापासून पसंत पडली असेल तर त्या कोंबडीला.

इकडे मीठ भराभर धरत होतं आणि आभाळ वेडंवाकडं करत होतं. या दिवसांत असे ढग यायचं काही काम नाही, पण यायचे. एक सर आली तरी महिन्याची मेहनत पाणी होते. त्यामुळे दम खायला सवड नव्हती. मी धाकटीला म्हणायचे, अर्धीच पाटी घे. ती "चालेल" म्हणायची आणि शीग लावून भरायची. उचलताना डावा हात आता पाटीच्या काठावर पक्का बसत नव्हता. ती तो आधी उजव्या हाताने वर नेऊन ठेवायची. मला दिसत होतं. भाऊजींनाही दिसत असणार, कारण ते हल्ली तिच्याकडे न बघता बोलायचे.

फोनताई मात्र वाटली तेवढी भोळी नव्हती. एकदा भाऊजी गाडी ढकलून घाम पुसत होते तर म्हणाली, "भाऊ, एक विचारू? मला दर वेळी रस्ताच दिसतो. तुमचं मीठ काय रस्त्यावर पिकतं?"

भाऊजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण आतलं माणूस निघून गेलं.

"एक दिवस माझ्यासाठी काही करू नका," ती म्हणाली. "तुमचं काम चालतं तसं चालू दे. फोन कुणाच्या तरी गळ्यात अडकवा आणि विसरून जा. संध्याकाळी रेंजमध्ये आलात की पाठवा."

"द्या, मी अडकवतो," भाऊजी म्हणाले.

"पाट्या कोण वाहतं?"

मग धाकटीने हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"वहिनी, तुमची मर्जी असेल तरच हं. आणि मध्येच नकोसं झालं तर काढून ठेवायचा. मला कारणही सांगायचं नाही. जमेल?"

"चालेल," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला फडक्याची पिशवी शिवून दिली, भिंगापुरतं भोक ठेवून. दिवसभर फोन तिच्या छातीवर हिंदकळत होता. दुपारपर्यंत ती खरंच विसरली. संध्याकाळी राशीवर बसून आम्ही तो सगळा दिवस पाठवला. जायला फार वेळ लागला. सासरे म्हणाले, दिवसभराचं ओझं आहे, फोनलाही जड झालं असेल.

पुढच्या बैठकीला फोनताईने फक्त आम्हा दोघींना बोलावलं. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"धाकट्या वहिनी, तुमच्या चित्रणात मला एक ऐकू आलं. ते आधी तुम्ही ऐका. थोरल्या वहिनी असलेल्या चालतील की एकटीने ऐकाल?"

"जाऊबाई असू देत."

"ऐकून पुसून टाका म्हणालात तर पुसून टाकीन. कुणाला कळणार नाही."

मग फोनमधून आमचं आगर ऐकू यायला लागलं. फावड्याचा खरखराट, पाणी, माझी बडबड. (बाई गं, एवढं बोलते मी?) मग पाटी डोक्यावर चढल्यावर निघतो तो "हं". आणि त्यानंतर पावलं. मीठ करकरतंय, धाप लागलीय, आणि धापेच्या खाली, प्रत्येक पावलाला, अगदी बारीक आवाजात:

"चालेल... चालेल... चालेल... चालेल..."

राशीपर्यंत. मग पाटी रिकामी झाल्याचा आवाज, एक सुस्कारा. परत जाताना गप्प. पुन्हा भरली, पुन्हा "हं", पुन्हा तेच. मध्ये एकदा पाय घसरल्यासारखं झालं तेव्हा "चालेल चालेल चालेल" असं घाईघाईने, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं.

मी धाकटीकडे बघितलं. ती फोनकडे बघत होती.

"ही मी?" ती म्हणाली. "मी कधी म्हणते असं?"

"वहिनी," फोनताई म्हणाली, "मी गाडी चालेल का म्हणून विचारत होते, तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होतात ना?"

धाकटीला एकदम रडू फुटलं. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "दुखतं हो," ती म्हणाली. "खूप दुखतं. सकाळी केस विंचरायला हात वर जात नाही. पण बोलले तर मला घरी बसवतील. मला इथून जायचं नाही."

माझा मग बांधच फुटला. मी फोन हिसकावून घेतला आणि सगळं ओकून टाकलं. बांध केवढा आणि गाडी केवढी, भाऊजी वाफ्यात कसे गेले, धुणं-पुसणं, रस्त्यावरचं नाटक, सगळं. "आणि आता तुमच्या गाडीत आमची कोंबडी बसलीय उबवायला!" असं म्हणून मी थांबले.

मला वाटलं, संपलं, आता संघातून नाव जाणार.

"उबवायला?" फोनताई म्हणाली, आणि एवढी हसली, एवढी हसली की धाकटीही रडता रडता हसायला लागली. "वहिनी, बरं झालं सांगितलंत. चूक माझी. चालेल का असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? मी माझ्या घरी तरी कुठे म्हणते!"

"मी बाई असलं काही पुटपुटत नाही हं," मी सांगून टाकलं. "माझ्या डोक्यावर पाटी असली तरी जे बोलायचं ते मोठ्यानेच."

ते चित्रण पुसायचं नाही, असं धाकटीनेच ठरवलं. तिने ते भाऊजींना ऐकवलं, राशीवर, सगळ्यांसमोर. भाऊजी खाली मान घालून बोटाने मिठात रेघा मारत बसले. संपल्यावरही मारत राहिले.

"मला वाटलं, तुला घरी बसवलं म्हणजे तुझी काळजी घेतली," शेवटी म्हणाले. "तुला काय पाहिजे ते सांग ना एकदाचं."

"मला आगर सोडायचं नाही," धाकटी म्हणाली. "ओझं सोडायचंय."

त्या दिवसापासून राशीवर नवा नियम आला. चालेल म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने सगळ्यांना चहा करायचा. कसं आहे ते सांगा, काय खुपतं ते सांगा, शिव्या द्या, पण चालेल सोडून बोला. अहो, काय हाल झाले! तोपर्यंत कळलंच नव्हतं की आमचं घर त्या एका शब्दावर उभं आहे. पहिला चहा फोनताईवरच लागला. तिने तिकडे स्वतःपुरता केला आणि कप दाखवला. मग आमचे हे सापडले. ह्यांच्या हातचा चहा मी लग्नानंतर पहिल्यांदा प्यायले. गाळायचा राहिला होता. सासरे तर मुद्दाम म्हणायचे आणि वर "मला ऐकू येत नाही" म्हणून सुटायचे.

आणि गाडी? फोनताईने यावेळी चित्र पाठवलंच नाही. म्हणाली, तुम्ही करून दाखवा. वाफ्याच्या चिखलाच्या इवल्या इवल्या गाड्या केल्या आम्ही. सासऱ्यांनी चाकच लावलं नाही, तराफ्यासारखी ओढायची म्हणाले. भाऊजींनी दोन चाकं केली, पण एकामागे एक, सायकलसारखी. मी केली ती मोडली, तिचं काही सांगत नाही. धाकटीने भाऊजींच्या सदऱ्याचं बटण तोडून घेतलं आणि एकच चाक केलं, बरोब्बर ओझ्याच्या खाली. फोनताईने विचारून विचारून सगळ्यांच्या गाड्यांतली खोट काढली, आम्हीही एकमेकांची काढली. आता ती खाडीपलीकडच्या आगरांनाही विचारत होती. तिथल्या एका बाईने असंच एका चाकाचं केलं होतं, पण तिचं चाक जाड होतं, बांध कापू नये म्हणून. तिच्या परवानगीने फोनताईने ते आम्हाला दाखवलं. धाकटी म्हणाली, "अरे वा, हे मला सुचलं नाही," आणि लगेच बटणाला चिखल थापून ते जाड केलं.

गाडी तयार होईस्तोवर धाकटीने डोक्यावर काही घ्यायचं नाही, असं भाऊजींनी सांगितलं. यावेळी हुकूम म्हणून नाही, विचारून. ती फावडं ओढायची, पाट्या भरायची, आणि वाहायचं आम्ही तिघं. काम रेंगाळलं. एका पहाटे भुरभुर झाली आणि कडेचा वाफा विरघळून गेला. आमचे हे बांधावर उभे राहून बघत बसले. मी म्हटलं, बघून पुन्हा धरणार आहे का? चला. बाकीचं वाचलं हे काय कमी झालं?

नवी गाडी आली त्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. ही हिरवी नव्हती, काहीच रंग नव्हता. फोनताई म्हणाली, रंग तुमच्या पसंतीने नंतर. एक जाडजूड चाक, वर खोलगट पेटी, मागे दोन दांड्या आणि टेकवायला दोन पाय. आम्ही बांधावर आणली. चाक बांधावर मावलं आणि वर दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. सासऱ्यांनी वाकून चाकाला हात लावला आणि मागे झाले.

मी फोन घेऊन राशीवर चढले आणि बांधाकडे धरला. धाकटीने पेटी भरली, शीग लावून. भाऊजी शेजारच्या वाफ्यात उतरून उभे राहिले, कलंडली तर धरायला. त्यांना वाफ्याचा अनुभव होताच. तिने दांड्या उचलल्या आणि निघाली. चाक चिकचिक करत होतं. पाठ सरळ, मान सरळ. तोंडावर ऊन होतं आणि ती समोर बघत होती. किती दिवसांनी ती बांधावरून चालताना समोर बघत होती! पाटीखाली पायाच्या पुढचं हातभर तेवढं दिसतं.

"वहिनी, आवाज येत नाहीये," फोनताई घाबरून म्हणाली. "रेंज गेली का?"

"रेंज आहे हो," मी म्हटलं. "ती गप्प आहे."

राशीपाशी येऊन धाकटीने गाडी टेकवली, हात झटकले आणि कमरेवर ठेवले.

"दांड्या लांब आहेत," म्हणाली. "माझ्या कोपराला लागतात. चाक कुरकुरतंय, ते खाऱ्या पाण्याने जाम होणार. पेटीला खाली भोकं पाडा, पाणी निथळत नाही, फुकटचं ओझं. आणि हे टेकवायचे पाय आहेत ना, ते चिखलात रुततात. खाली फळी मारा."

"आणखी?" फोनताई विचारत होती. ती लिहून घेत असावी.

"आणखी उद्या सांगते. आज मला मीठ वाहायचंय."

भाऊजी वाफ्यातून वर आले, चिखलाच्या हाताने दांडीचा अंदाज घेतला. "एवढी कापली तर पुरे?" तिला विचारलं. "थोडी अजून," ती म्हणाली. आमच्या घरात धाकटीने "थोडी अजून" म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मला इतका आनंद झाला की मी उगाचच आमच्या ह्यांना ओरडले, उभे काय राहिलात, पाट्या भरा!

गाडी एकच होती, मीठ पुष्कळ होतं. मी फोन सासऱ्यांकडे दिला, चुंबळ डोक्यावर ठेवली. ह्यांनी पाटी चढवली. पुढे धाकटीची गाडी, मागे मी, अशा आम्ही बांधावरून निघालो. उन्हात मीठ नुसतं चमकत होतं. मी माझ्याच तंद्रीत होते. अर्ध्या बांधावर आलो असू, तर तिने एकाएकी गाडी टेकवली आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागली.

"काय झालं गं? रुतलं का?"

"नाही," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "जाऊबाई, आजचा चहा तुमच्यावर लागला."